बर्फावरचा नमस्कार

पस्तिशीत मी आइस हॉकी खेळायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "आधी त्या बर्फावर नीट उभं तरी राहून दाखव!" झालं. तिथेच मी हट्टाला पेटले. दिवसभर ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात औषधं द्यायची आणि संध्याकाळी रिंकवर जाऊन आपटायचं, अशी चार वर्षं काढली. गुडघे कायम काळेनिळे. बायकांच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये का होईना, पण मी टीममध्ये होते. यंदा डनीडनच्या स्पर्धेला टीम जाणार होती आणि त्या यादीत मला माझं नाव हवंच होतं.

आडवी आली ती माझी सवय. माझा पाय कुणाला लागला की हात आपोआप खाली जातो, त्या माणसाला शिवून कपाळाला लागतो. घरात, बसमध्ये, आणि काय सांगू, बर्फावरसुद्धा! एका मॅचमध्ये समोरची पडली, माझा स्केट तिच्या पायाला घासला आणि मी चक्क वाकून ग्लोव्ह तिच्या गुडघ्याला लावला, मग माझ्या हेल्मेटला. तेवढ्यात दुसरीने पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, पळवला आणि गोल केला.

"हे पुन्हा झालं तर डनीडन विसर," कोच म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. गाडीत बसून मी ढसाढसा रडले.

मग घरी तालीम सुरू झाली. दहा वर्षांची लेक पॅसेजमध्ये पाय पसरून बसायची आणि मी दोन्ही हातांत लाटणं घट्ट धरून, मुद्दाम तिच्या पायाला पाय लावत पुढे जायचे. हात जरा हलला की ती ओरडायची, "मम, डोन्ट!" हिलाच मी दटावून दटावून हा नमस्कार शिकवला होता. फार कसंतरी वाटायचं. तरी रोज केलं.

निवडीआधीच्या शेवटच्या मॅचला बरोबरी होती आणि नेमकं तेच झालं. आमच्या गोलसमोर एक लाल जर्सीवाली पडली, माझा स्केट तिच्या पोटरीला लागला. हात सुटणार, तोच मी स्टिक अशी आवळली की बोटं दुखली. पक ओढला, पुढे ढकलला, आणि आमच्यातल्या एकीने तो थेट त्यांच्या जाळ्यात घातला. लेक काय किंचाळली म्हणता!

मॅच संपल्यावर दोन्ही टीम रांगेने हात मिळवतात. लाल जर्सीवाली समोर आली. कोच माझ्याकडेच बघत होती. बघू दे! यादीतून नाव काढायचं तर काढ म्हणावं. मी हेल्मेट काढलं, वाकले, तिच्या पोटरीला हात लावून कपाळाला टेकवला. ती बिचारी गोंधळून हसली.

कोच सरकत जवळ आली.

"शिट्टी झाल्यावर हवं तेवढं वाक," ती म्हणाली. "शनिवारी बस सकाळी सहाला निघते. उशीर करू नकोस."