शेजारणीकडे किल्ली

दाराच्या भोकातून पहारेकरीकाकांनी तिला नीट न्याहाळलं. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर हसू. हसूच त्यांना खटकलं. फुकटात कोण हसतं?

“काका, मी समाजसेविका. दवाखान्यातून आलेय.”

जन्मभर कापडाच्या गोदामावर पहारा केलेला माणूस. संशयावरच त्यांचं पोट चाललेलं. बायको गेल्यापासून एकटेच राहत. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण त्यानंतर काका जिना म्हणून उतरले नव्हते.

त्यांनी तिला आत घेतलं ते पिशवी नजरेसमोर राहील अशा खुर्चीवर बसवायला. आता गुडघे, रक्तदाब, झोप विचारेल म्हणून ते उत्तरं जुळवून बसले, तर बाई विचारते काय, “आयुष्यात सगळ्यात वाईट दिवस कोणते आले? त्यातून कसे निभावलात?”

“त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?” काका गुरगुरले. ताकास तूर लागू न देता त्यांनी तिला वाटेला लावलं आणि लगेच दुसऱ्या शहरातल्या मुलाला फोन केला. “तू धाडलीस का हिला?”

“छे, बाबा! मला काय माहीत?”

मुलाचं उत्तर जरा जास्तच झटपट आलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. घर रिकामं करायचा डाव असणार, सुनेला मोठी जागा हवी असणार.

पुढच्या खेपेला बाई उंबऱ्यात असतानाच त्यांनी विचारलं, “मुलाने पाठवलं ना?”

“हो,” ती म्हणाली. “दवाखान्याला त्यांनीच फोन केला होता. तुम्हाला एकट्याने जमणार नाही, वृद्धाश्रमात ठेवावं, असं त्यांना वाटतं. मला अजून तसं वाटत नाही. पण ते तुमच्याकडूनच समजून घ्यायचंय.”

काकांनी दार पूर्ण उघडून तिला आत घेतलं. पोटचा पोरगा खोटं बोलला आणि ही परकी बाई खरं! मग ते आपणहून बोलू लागले.

“गोदामाला आग लागली होती. सगळ्यांनी माझ्यावरच बोट ठेवलं. चौकशी झाली, कामावरून काढलं. ओळखीचे रस्ता बदलायचे. दुधाने तोंड पोळलंय, बाई, म्हणून ताकही फुंकून पितो.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? बायको रोज सकाळी दाढीचं पाणी पुढे ठेवायची. म्हणायची, चोर लपतो, तुम्ही जा. मी गोदामाच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहायचो. काम नाही, पगार नाही, नुसता उभा. शेवटी विजेच्या तारेत बिघाड होता असं निघालं आणि मालकाने परत बोलावलं.”

“आणि आता का लपलात?”

काकांना राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली आणि कठडा धरून, शिव्या घालत, ते खाली उतरले. मग रोजच उतरू लागले.

मुलगा भेटायला आला तेव्हा वडील इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसलेले.

“कोणाकडे?” त्यांनी विचारलं.

“बाबा, मी!”

“तू होय. फोनवर खोटं का बोललास?”

मुलाची मान खाली गेली. “भीती वाटली. तुम्ही पडून राहाल आणि मला कळणारही नाही.”

काकांनी बाईलाही बोलावून घेतलं. तिघांनी बसून ठरवलं: काकांनी इथेच राहायचं, न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायचा, आणि घराची एक किल्ली समोरच्या शेजारणीकडे ठेवायची.

शेवटची अट ऐकून काका ताडकन उठले. “ती? ती माझं वर्तमानपत्र पळवते!”

“पकडलंत कधी?” बाईने विचारलं.

पकडलं नव्हतं. नाइलाजाने त्यांनी किल्ली दिली. शेजारीण म्हणाली, “भावोजी, काळजी करू नका.” त्या ‘काळजी करू नका’चीच काकांना काळजी लागली. दार लावून त्यांनी भोकाला डोळा लावला आणि तिने किल्ली नक्की कुठे टांगली ते बघत उभे राहिले.