न दुखणारा पाय

आमच्या पनवेलच्या दवाखान्यातल्या सिस्टर बाबांना ‘कसं वाटतंय?’ असं कधीच विचारत नाहीत. विचारलं की माणूस ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो, हे त्यांना ठाऊक आहे. सकाळी काय खाल्लंत, जिन्यात कितीदा थांबलात, असं त्या बोलत राहतात आणि बोलता बोलता मनगट धरून नाडी मोजतात.

मागे एकदा बाबांची साखर तपासायला गेलो होतो. बाबा आत येऊन बसले, तोच सिस्टर हातातलं काम टाकून उठल्या.

“काका, डाव्या पायातली चप्पल कुठं हाय?”

ती दारातच निसटली होती आणि बाबांना पत्ताच नव्हता. सिस्टरांनी खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. तळव्यात काच रुतली होती.

“दुखत नाय?”

“नाही बुवा,” बाबा हसले.

साखरेने पाय बधिर झालाय, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत कळलं म्हणून जखम महिन्याभरात भरली. आता रोज संध्याकाळी बाबांचे तळवे बघायचं काम सिस्टरांनी मला लावून दिलंय. बाबांना गुदगुल्या होत नाहीत, तरी झाल्यासारखे हसून ते पाय ओढून घेतात.