इंदरआक्काची भज्जी

इंदरआक्का भाजी विकण्याआधी गिऱ्हाइकाची परीक्षा घेत असे. रेणापूरच्या अलीकडे तिचं चार एकर शेत होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ती ऑटोनं लातूरला आमच्या गल्लीत उतरायची, लिंबाखाली टोपलं ठेवायची आणि मेथीच्या जुडीला कुणी हात लावला की विचारायची, "कशी करणार?" उत्तर पटलं नाही तर जुडी परत टोपल्यात. शेजारच्या कुलकर्णीकाकू एकदा म्हणाल्या, "मिक्सरमधून काढून पुऱ्या करीन." आक्कानं जुडी त्यांच्या हातातून काढून घेतली. "त्यापरीस शेळीला घालते. ती चावून तरी खाईल."

मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण तोंडी परीक्षेला एवढी घाबरलेली माणसं पाहिली नाहीत. माझी बायको सुलभा सोमवारी रात्रीच उत्तर तयार ठेवायची. तिला आक्कानं बरंच शिकवलं. "वांग्याला पाणी दाखवायचं, बाई, पाजायचं न्हाई." "चुका शिजवताना झाकण ठेवू नका, लई रुसतो." सुलभाच्या हाताला साठीनंतर चव आली, हे मी आजवर कधी बोललो नाही, आता बोलायचंच आहे तर सगळंच बोलतो.

हंगामाबाहेरचं काही मागितलेलं तिला खपायचं नाही. ऐन श्रावणात मी फ्लॉवर मागितला होता. ती म्हणाली, "सर, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या शाळेत पोरं येत होती का?"

"नाही."

"मग? भाज्यांलाबी सुट्टी असती. दोडका न्या."

मी दोडका नेला.

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी लातूर ओस पडतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून पूजा होते आणि मग बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे त्या दिवशी शेतात जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात, चिंच आणि बेसन लावून शिजवलेलं. वाल, तुरीचे दाणे, ओला हरभरा, गाजर, वांगं, मेथी, कांद्याची पात. आक्काच्या भज्जीत बाजारातलं पानसुद्धा नसे. दर वर्षी ती आमच्या सगळ्या गल्लीला बोलवायची, आणि वर्षभर तिच्या शिव्या खाणारी गल्ली टेम्पो करून जायची.

येळवशीचा आणखी एक रिवाज आहे. रस्त्यावरून जाताना कुणी शेतातून हाक मारली तर जेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझा घात तिथेच झाला. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी स्कूटरवर टेम्पोच्या पुढे निघालो होतो. वाटेत तीन ठिकाणी जुन्या विद्यार्थ्यांनी हाका मारल्या. "सर, या की! एवढी खीर घ्या." मला साखरेचा आजार आहे. निघताना सुलभानं गळ्याची शपथ घातली होती, खिरीला शिवणार नाही म्हणून. मी तिन्ही ठिकाणी खीर खाल्ली. शिवाय उंडे, शिवाय आंबील. मग आक्काच्या शेतात जाऊन चार वेळा भज्जी घेतली आणि खिरीची वाटी पुढे आली तेव्हा सगळ्यांदेखत हात आडवा धरून म्हणालो, "नको, मला पथ्य आहे." सुलभानं चारचौघींकडे अभिमानानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माझं जे व्हायचं ते झालं. सुलभानं दाराबाहेरून विचारलं, "अहो, आणखी कुठे काही खाल्लंत का?"

"छे! भज्जीच बाधली असेल."

एवढंच वाक्य. दुपारपर्यंत ते गल्लीभर झालं. ज्यांना काहीही झालं नव्हतं त्यांनाही आठवून आठवून पोटात कळा यायला लागल्या. कुलकर्णीकाकूंनी तर सलाईन लावून घेतलं.

शुक्रवारी लिंबाखाली कुणी गेलं नाही. कुलकर्णीकाकूंनी गॅलरीतूनच कारण सांगितलं, तशी आक्का तडक आमच्या दारात आली. "सर, खरं सांगा. माझी भज्जी बाधली?"

सुलभा माझ्याशेजारी उभी होती. मी म्हणालो, "तसंच म्हणावं लागेल, आक्का."

ती पायरीवर बसली आणि बोटांवर एकेका भाजीची उलटतपासणी घेऊ लागली. "वाल? न्हाई, सकाळी तोडला. मेथी मीच धुतली, तीन पाण्यानं. वांगं किडकं होतं का काय? पर मी तर चिरताना बघत होते…" संपूर्ण पातेलं तिनं माझ्यासमोर पुन्हा शिजवलं. तिला गुन्हेगार सापडेना, आणि तो समोरच पायजम्याची नाडी कुरवाळत उभा होता.

हळूहळू गल्ली पुन्हा भाजी घेऊ लागली, पण आक्का "कशी करणार?" विचारेनाशी झाली. कुणी काहीही करो, जुडी देऊन टाकायची. पुढच्या येळवशीला टेम्पो निघालाच नाही. मी आणि सुलभा तेवढे स्कूटरवर गेलो. चुलीपुढे सून संगीता होती आणि आक्का लांब बसून शेंगा सोलत होती. मधेच म्हणाली, "संगीता, मीठ बघ गं. माझ्या हाताचा भरवसा न्हाई आता."

मला ते सोसवेना. तिला कोपेमागे नेलं आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग तिचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हंजी माझी भज्जी तुम्ही भरल्या पोटानं खाल्ली?"

"हो."

"तीन शेतं खाऊन?"

"हो."

"कुणाकुणाची?"

मी नावं सांगितली. दुसरं नाव ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "त्यांच्या भज्जीत तर पालक बाजारचा असतो!" मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की संगीता धावत आली. आक्का तरातरा चुलीकडे गेली, सुनेच्या हातातली पळी घेतली. चव बघून म्हणाली, "चिंच कमी हाय."

निघताना मात्र मला बाजूला घेऊन तिनं बजावलं, "बाईंना आन गल्लीला तुम्ही सांगायचं. मी न्हाई सांगणार. मी सांगितलं तर ते गाऱ्हाणं होईल."

"याच आठवड्यात सांगतो," मी म्हणालो.

तीन वर्षं झाली. यंदा भादव्यात आक्का गेली. आम्ही भेटायला गेलो होतो. अंगणात बसल्या बसल्या कुलकर्णीकाकू हळहळत म्हणाल्या, "हाताला चव होती हो. ते एकदा भज्जीचं सोडलं तर." संगीता पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. आक्कानं तिला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी त्याही वेळी खाली मान घालून पाणी प्यायलो.

म्हणून हे लिहिलं. छापून आलं की एक प्रत संगीताला नेऊन देणार आहे आणि एक कुलकर्णीकाकूंच्या दाराला लावणार आहे. सुलभाला मात्र आज दुपारी मीच वाचून दाखवेन. तिच्यासाठी सरळ शब्दांत पुन्हा लिहितो: आक्काच्या भज्जीनं कुणालाही काही झालं नाही. मला झालं ते खिरीनं. तीन ठिकाणी खाल्ली, आणि तिसऱ्या ठिकाणी मागून घेतली.