ऊना मॅकगर्कचं बंदुकीचं कपाट

ऊना मॅकगर्कने वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत बंदुकीला हात लावला नव्हता. ते काम लेसचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. कोल्हे मारणं, मरणपंथाला लागलेल्या मेंढीला गोळी घालून सोडवणं हे तो करायचा. ती अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवत होती आणि उरलेल्या वेळात मेंढ्यांचं सगळं बघत होती. गेल्या ऑगस्टमध्ये लोकर कातरायच्या शेडमध्ये लेस खाली बसला तो उठलाच नाही. परवाना त्याच्या नावावर, त्यामुळे आठवडाभरात पोलिसांनी त्याच्या बंदुका ठाण्यात नेऊन ठेवल्या. ऊना मला म्हणाली होती, "टेस, विकून टाकते गं. मला काय करायच्यात?"

मग फेब्रुवारी आला, आमच्याकडचा ऐन उन्हाळा. तळं आटून नुसता गाळ राहिला होता आणि त्यात एक मेंढी पोटापर्यंत रुतली. ऊना पोचली तेव्हा कावळ्यांनी मेंढीचे डोळे काढलेले होते, पण जीव होता. ऊनाने दिराला फोन केला. रॉस त्या दिवशी लांब डबो शहरात गेलेला, यायला चार तास लागले. ते चार तास ऊना उन्हात त्या मेंढीजवळ कावळे हाकत बसली.

रॉसने येऊन एका गोळीत काम संपवलं. दुसऱ्या दिवशी ऊनाने परवान्याच्या वर्गासाठी नाव घातलं. वर्गात तिच्याहून मोठं कुणी नव्हतं. लेखी परीक्षेत तिचा एक प्रश्न चुकला, तो कोणता हे ती अजून सांगते आणि त्यांचंच उत्तर चूक आहे म्हणते.

आता राहिलं कपाट; लेसचं जुनं लाकडी कपाट आता नियमात बसत नव्हतं. कुलपाचं लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं दिसल्याशिवाय पोलीस बंदूक परत देत नाहीत. माझं दुकान जनावरांच्या खाद्याचं आणि कुंपणाच्या तारेचं. मी म्हटलं, मी घाऊकवाल्याकडून मागवून देते. ती म्हणाली, "तुझं महाग पडतं. मी ऑनलाइन बघितलंय, निम्म्या किमतीत आहे."

"निम्म्या किमतीत पत्राही निम्माच असेल."

"जाडी लिहिलीये त्यांनी. मी वाचलीये."

मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. पण मागवलेलं सामान माझ्याच दुकानात येणार होतं. पुढे तिच्या शेतापर्यंत चाळीस किलोमीटर मातीचा रस्ता आहे आणि कुरिअरवाले तिकडे जात नाहीत.

पोलीस तपासणी गुरुवारी होती. कपाट सोमवारी आलं. कुरिअरचा डॅझ ट्रकचं मागचं फळकं खाली घेत होता तेव्हाच मी बघितलं, खोक्याचा वरचा कोपरा आत गेलेला, पट्टी तुटलेली आणि एका बाजूला फोर्कलिफ्टचं पातं घुसल्यासारखं भोक. ऊना तिथेच उभी होती.

डॅझने फोन पुढे केला. "इथे बोटाने सही कर."

"खोकं फाटलंय असं कुठे लिहायचं?"

"लिहायला जागा नाहीये त्यात. नुसती सही."

"मग सही पण नाही."

"ऊना, मला अजून अकरा ठिकाणी जायचंय."

"तुझ्याजवळ कागदी पावती असेल ना? ती दे."

त्याने कुरकुरत गाडीतून पावती काढली. ऊनाने चष्मा लावून सावकाश लिहिलं: खोकं फाटलेलं, वरचा डावा कोपरा चेपलेला, उजव्या बाजूला भोक, आतलं सामान अजून पाहिलेलं नाही. तारीख आणि वेळ टाकली, खाली डॅझची सही घेतली, आणि मगच बोटाने त्याच्या फोनवर सही केली. मग ट्रक, खोकं, भोक, सगळ्यांचे फोटो काढले. एका फोटोत डॅझसुद्धा आला, वैतागलेल्या तोंडाने. शाळेच्या बसला साधा ओरखडा पडला तरी ती असंच लिहून ठेवायची. शाळेचे लोक तिला हसायचे.

खोकं उघडलं. दार वरच्या कोपऱ्यात वाकलं होतं. किल्ली अर्धी फिरायची आणि अडायची. खालचा अडसर चौकटीत जात होता, वरचा बाहेरच्या बाहेर पत्र्यावर आपटत होता. हाताने दार ओढलं तर फटीत माझी चार बोटं जात होती.

तेवढ्यात रॉस आला. त्याने कपाटाभोवती फेरी मारली. "जॅक लावतो. पंधरा मिनिटांत सरळ होईल."

"हात लावायचा नाही," ऊना म्हणाली.

"अगं, गुरुवारी तपासणी आहे तुझी."

"तू हातोडा घातलास की ते म्हणतील तुम्हीच मोडलंय. आहे तसं राहू दे."

"लेस असता तर आतापर्यंत ठोकून बसवलं असतं त्याने."

"लेस असता तर मला कपाट लागलंच नसतं."

रॉस पिकअपमध्ये बसून निघून गेला. मग ऊनाने ठाण्यात फोन करून तपासणी तीन आठवडे पुढे ढकलून घेतली.

फोटो पाठवून तिने तक्रार केली, तिला विकणाऱ्या कंपनीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. वरवरचं नुकसान आहे, कामात अडचण नाही, थोडे पैसे परत करतो. ऊनाने फटीत मोजपट्टी उभी धरून फोटो काढला, अडकलेल्या किल्लीचा दुसरा काढला, आणि लिहिलं: ज्या कपाटाला कुलूप लागत नाही त्याचं नुकसान वरवरचं नसतं. दुसरं उत्तर आलं, मूळ वेष्टनात परत पाठवा. मूळ वेष्टन माझ्या अंगणात चार तुकड्यांत पडलेलं होतं. तिने त्या चार तुकड्यांचा फोटो पाठवला.

मग तिने कंपनीला फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर टोबी नावाचा माणूस बोलायला आला. मी काउंटरमागे होते, तिने फोन स्पीकरवर ठेवला होता. मला वाटलं आता ही भडकणार. पण ती बसमधल्या पहिलीच्या पोराशी बोलावं तशी बोलत होती.

"टोबी, तू हे कपाट कधी प्रत्यक्ष बघितलंयस का?"

"नाही, बाई. फक्त चित्रात."

"मग ऐक. तुझ्या घराच्या दाराला कुलूप लावलंस आणि दार चार बोटं उघडंच राहिलं, तर तू कामावर जाशील का?"

"नाही जाणार."

"माझ्या कपाटात बंदूक राहणारे. पोलीस मला पास करणार नाहीत, आणि त्यांनी करूही नये."

"पावतीवर ड्रायव्हरची सही आहे म्हणालात ना?"

"आहे. फोटो तुझ्यासमोर असेल, पाचवा."

कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दुसरं पाठवतो. मोडकं परत नको, ठेवा तुमच्याकडेच." शेवटी हळूच म्हणाला, "पावतीवर लिहिलंत ते बरं केलंत. नाहीतर मला काही करता आलं नसतं."

दुसरं कपाट सोळा दिवसांनी आलं. या वेळी ऊनाने डॅझला जाऊच दिलं नाही. ट्रकमध्येच खोकं कापलं, किल्ली दहा वेळा फिरवली, दार ओढून बघितलं. पाठीला एक लांब ओरखडा होता. "तो भिंतीकडे जाईल," ती म्हणाली आणि सही केली. डॅझ म्हणाला, "आता माझी पण तपासणी करून घे." ती हसली.

कपाट बसवायच्या दिवशी मी मदतीला गेले. कपडे धुवायच्या खोलीची भिंत विटांची, आमच्या ड्रिलने तिला नुसती खळी पडत होती. तासाभराने रॉसची गाडी आली. तो मोठा ड्रिल घेऊन आत आला आणि चार भोकं पाडून दिली. बोल्ट आवळताना ऊनाने विचारलं, "जेवून जातोस?"

"काय केलंयस?"

"कोकराचं मटण. कालचं."

"मग थांबतो."

कॉन्स्टेबल ऱ्हीस गुरुवारी आला. कपाटाला दोन्ही हातांनी धरून हिसका दिला, ते हललं नाही. गोळ्यांचा वेगळा कप्पा बघितला, कागदावर खुणा केल्या. "किल्ली कुठे ठेवणार?"

"कुणाला सांगणार नाही."

"मलाही नको सांगूस," तो म्हणाला आणि पास लिहिलं.

तीन बंदुकांपैकी तिने एकच घरी आणली, लेसची सगळ्यात हलकी. बाकीच्या दोन विकल्या.

जूनमध्ये एक मेंढी कुंपणात अडकून मागचा पाय मोडून बसली होती, हाड बाहेर आलेलं. ऊना एकटीच होती. घरी जाऊन बंदूक आणली आणि वर्गात शिकवलं होतं तसं केलं. एका गोळीत. हे तिने मला मेंढ्यांसाठी मीठ घ्यायला दुकानात आली तेव्हा सांगितलं, मोजक्या शब्दांत.

मी विचारलं, "कसं वाटलं?"

"आधी काही नाही. नंतर पिकअपमध्ये बसले, तर घरी निघायचं सोडून तिथेच बसून राहिले." तिने मिठाची पोती मोजली. "पण त्या मेंढीला थांबायला लागलं नाही, टेस. वीस मिनिटं लागली असतील फार तर."

मी तिला पोती गाडीत चढवायला मदत केली. पाचही पोती चढवून झाल्यावर ती थोडा वेळ पिकअपच्या मागच्या फळक्यावर बसली, मग उठली आणि गेली.