चार नावं, एकच कारण

"तुह्या आज्याच्या डोक्यात भुसा होता. तिसरीतून पयाला. आमच्या आज्यानं सालदारीले ठेवलं म्हून जगला."

शाळेच्या ऑफिसात, हेडमास्तरांसमोर, शाळा समितीचा अध्यक्ष मला हे म्हणाला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी सत्तेचाळीसची, अमरावतीला पोस्टात क्लार्क. तरी 'तू'च. दर्यापूरहून जीपनं अर्ध्या तासावरचं हे आमचं मूळ गाव, आणि इथं आम्हाला अजून कुणी 'तुम्ही' म्हणत नाही.

मी हसले. हे लिहिलंच पाहिजे. मुलीला मी एकटीनं वाढवलं, तिचा जातीचा दाखला माझ्या माहेरच्या नावावर; त्याच्या पडताळणीसाठी सन १९५०च्या आधीचा पुरावा हवा होता. तो याच शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात होता, आणि इथलं पान याच्या मर्जीशिवाय हलत नाही. शिवाय तो नवं काही बोलला नव्हता. मी गणितात नापास झाले तेव्हा बाबाही म्हणाले होते, "आज्यावर गेली." घरातले सगळे हसले होते.

हेडमास्तरांनी रजिस्टर उघडलं. आजोबांचं नाव सापडलं. जात: महार. माझं काम झालं होतं. पण जन्म गेला रकाने भरण्यात, डोळा पुढे सरकलाच. प्रगती: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर. खाली आणखी तीन नावं, तिन्ही आमच्या वस्तीतली. चौघांची नावं काढल्याची तारीख एक. कारण एक. शाई एक. चार पोरं एकाच दिवशी सतत गैरहजर कशी होतात? एका बैठकीत भरलेलं पान मला लांबून कळतं. तपासणीला साहेब येणार असले की आम्हीही तसंच भरतो.

पानाचा फोटो काढला. व्हरांड्यात येऊन अकोल्याच्या आत्याला फोन लावला. आजोबांची ही एकच लेक आता उरली आहे. ती म्हणाली,

"बाबाचं डोकं लय चालत होतं, माय. वस्तीनं मेलेलं ढोर ओढाले नाई म्हनलं. पाटलानं मास्तरले सांगतलं, अन् साऱ्या पोरायचे नावं काढले. मंग त्याच पाटलाच्या घरी सालदारी. खरं सांगाची सोय होती का? बाबाच म्हने, कोनी इचारलं त सांगजा, मले अभ्यास येत नोयता."

पहिला राग आला तो आजोबांचाच. भाकर त्या घरची होती, खोटं बोलले, समजू शकते. पण पोरांनाही तेच सांगितलं. आणि आम्ही कधी साधी शंकाही घेतली नाही. याची मला लाज वाटली.

आत गेले तर उतारा तयार. नाव, जात, जन्मतारीख. कारणाच्या रकान्यात नुसती रेघ. रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप. एवढी घाई कशाची?

अध्यक्ष म्हणाला, "जातीचा पुरावा पाह्यजे होता ना? भेटला. कर सही."

सही कशावर, तर 'मागितलेला उतारा पूर्ण मिळाला' यावर. मुलीच्या प्रवेशाची मुदत चार दिवसांवर होती. हात पेनापर्यंत गेलाही.

"पूर्ण ओळ पाहिजे. चौघांचीही," मी म्हणाले.

"नाई देल्ली त?"

"तर हेडमास्तरांनी तसं लिहून द्यावं."

तिथंच बसून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. पोच मागितली. हेडमास्तरांनी आधी अध्यक्षाकडे पाहिलं, मग शिक्का मारला. सहीशिवाय मिळणार नव्हता तो अर्धा उतारा टेबलावरच ठेवून मी निघाले.

मुलीला खरं ते सांगितलं. उतारा वेळेत आला नाही तर तुझं वर्ष जाईल. तिनं विचारलं, "बाकी तिघांच्या घरचे कुठी रायतात?"

एक घर नांदगाव खंडेश्वरला सापडलं, एक अचलपूरला. तिसरं शोधते आहे. त्यांच्याही घरात आजा शाळेतून पळालाच असणार. मी जाऊन फोटो दाखवणार आहे. मग चारही घरांच्या सह्यांचा अर्ज त्याच टेबलावर ठेवणार आहे. पान फाटलं, उंदरांनी खाल्लं, काहीही सांगोत, हटणार नाही. वर्ष गेलं तरी चालेल. आजोबांचं नाव कुणी काढलं आणि का काढलं, ते शाळेच्या शिक्क्यानिशी मला लेखी हवं आहे.