आमचे बदलीवरचे गुरुजी

आमच्या चौथीच्या वर्गात चाळीस पोरं होती आणि चाळिसांतल्या एकाचंही लक्ष अभ्यासात नसे. पण अख्ख्या कोपरगाव तालुक्यात सर्वांत कमी लक्ष कुणाचं, असं विचाराल तर ते आमच्या बदलीवरच्या गुरुजींचं. हे मी निंदेनं सांगत नाही. इतका लोभस विसराळू माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आमचे नेहमीचे गुरुजी विषमज्वरानं अंथरुणाला खिळले, म्हणून दोन महिन्यांसाठी नगरहून हे आले. ताडासारखे उंच, अंगात भर उन्हाळ्यात काळा कोट. मिशनच्या शाळेत शिकलेले ख्रिस्ती गृहस्थ. पाढे ते त्यांच्या देवळातल्या गाण्यांच्या चालीवर म्हणून घेत. एकोणतीसचा पाढा तर इतका गोड लागे, की माझी आई भाकरी थापता थापता तो गुणगुणायची, आणि एकोणतीस साते किती ते तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

गुरुजी शिकवू लागले, की पाचव्या मिनिटाला खिडकीशी. गुऱ्हाळाचा वास आला की म्हणत, "आज पाक जरा जास्त झाला वाटतं," आणि अपूर्णांक तिथंच राहत. एकदा शुद्धलेखन सांगता सांगता त्यांना लिंबावर खार दिसली. "अरे, ही शेपटीनं काय करते आहे?" ते म्हणाले. आम्ही चाळीस जणांनी ते पाटीवर उतरवलं. गुरुजींनी पाट्या तपासल्या आणि 'शेपटी' चुकवणाऱ्यांना तो शब्द पाच वेळा लिहायला लावला. वाक्याबद्दल अवाक्षर नाही!

पण यातून एक विलक्षण गोष्ट घडली. गुरुजी कुठे होते हे गुरुजींनाच आठवत नसल्यामुळे ते आम्हाला आठवावं लागे. पुढच्या बाकावरची काशी उठून म्हणायची, "गुर्जी, आपुन गुणाकारात हुतो. सात हातचे हायेत." "हो का? शाबास!" म्हणत गुरुजी परत येत. महिनाभरात वर्गाला लक्ष देण्याची सवयच लागली. पोरं आपसांत पाळ्या लावून धडा सांभाळू लागली.

हेडमास्तरांना मात्र हे बिलकूल पसंत नव्हतं. शाळातपासणीला दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार असं कळलं, तेव्हा वर्गाच्या दारातच त्यांनी बजावलं, "शेरा वाईट आला, तर संध्याकाळच्या मोटारीनं नगरला जायचं." गुरुजी कोटाचं बटण चाचपत "बरं" म्हणाले. त्या दिवशी आम्ही कुणी डबा धड खाल्ला नाही.

दिपोटीसाहेब आले, खुर्चीवर बसले, आणि नेमक्या त्याच वेळी मनमाडच्या रस्त्यानं लष्करी लॉऱ्यांची रांग सुरू झाली. खिडक्या थरथरू लागल्या. एरवी आम्ही धावलो असतो. पण एकाही पोरानं मान वळवली नाही. धावले ते गुरुजी. "सत्तावीस... अठ्ठावीस..."

काशी कळवळून म्हणाली, "गुर्जी, दिपोटीसायेब आल्यात!"

"हो का? बसायला द्या त्यांना. एकोणतीस..."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. शेवटची लॉरी गेली. "अडतीस!" असं आनंदानं म्हणत गुरुजी वळले, आणि समोर साहेब पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी थंडपणे विचारलं, "मुलांनो, एका लॉरीत बावीस शिपाई. एकूण किती?"

"आठशे छत्तीस!" सगळ्या वर्गानं एकदम सांगितलं. पाटीला कुणी हात लावला नव्हता.

साहेबांनी मग तासभर आम्हाला पिळून काढलं. आम्ही कुठे अडलो नाही. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, "शिक्षकांचे लक्ष नाही. मुलांचे आहे. शिक्षकास मुदत संपेपर्यंत राहू द्यावे." काशीनं ते गुपचूप वाचून आम्हाला सांगितलं, आणि आम्ही मैदानात अक्षरशः नाचलो.

मुदत संपली. आमचे नेहमीचे गुरुजी बरे होऊन आले. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसताना बदलीवरच्या गुरुजींनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. चाळीस डोकी होईपर्यंत ड्रायव्हर ओरडत राहिला.

पुढे ते आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या शाळेत गेले म्हणून कुणी सांगितलं, कुणी देवळाली प्रवऱ्याला पाहिलं म्हणालं. मागच्या वर्षी मी आमच्या शाळेत गेलो होतो. भिंतीवर सगळ्या जुन्या शिक्षकांच्या नावांचा फळा आहे. त्यात ते नाहीत. बदलीवरच्यांची नावं लिहीत नाहीत म्हणे. मी तिथल्या तिथे लिहायला सांगणार होतो. तोंड उघडलं आणि थांबलो. आम्ही त्यांना नुसतं 'गुर्जी' म्हणायचो. नाव कधी कुणी विचारलंच नव्हतं.