बैठकीच्या आदल्या संध्याकाळी

कारखान्यात तिला सगळे 'मलम' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. एवढा मोठा लोखंड ओतायचा कारखाना, त्याच्या भिंतीला खेटून वस्ती, आणि वस्तीत रोज नवी कुरबूर. कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी, कुणाच्या झोपेचं खोबरं. प्रकरण तापलं की साहेबलोक म्हणत, "मलम पाठवा." मग जनसंपर्काच्या टेबलावरून ही उठायची, चप्पल पायात सरकवायची आणि निघायची.

तिची एक रीत होती. कंपनी अधूनमधून शेजाऱ्यांना आणि सहयोगी संस्थांना एकत्र बोलवायची. वस्तीचं रहिवासी मंडळ यायचं, कामगारांचे हातमोजे शिवून देणारा बायकांचा गट यायचा, शिवाय आरोग्य संस्था, जिच्या तपासणीच्या गाडीवर कंपनीचं नाव मोठं आणि संस्थेचं बारीक. फलकावर 'संवाद बैठक' लिहिलेलं असे. वस्ती तिला चहाबिस्किटांची बैठक म्हणे. तर ही बाई बैठकीच्या आदल्या संध्याकाळी जो सगळ्यात जास्त तापलेला असेल त्याच्या घरी जाऊन बसायची. रिकाम्या हातानं. नुसतं ऐकायची. मध्येच "हो का", "मग कसं निभावता हो?" एवढंच. समोरचा बोलून बोलून दमायचा, डोळे पुसायचा, आणि दुसऱ्या दिवशी भर बैठकीत म्हणायचा, "आमचं बोलणं झालंय बाईंशी." झालं! कुणाचीच हरकत नाही.

याला ती वाफ काढणं म्हणायची. कुकर फुटू नये म्हणून शिट्टी होऊ द्यायची, त्यात वाईट काय? असं तिनं नवऱ्याला एकदा ऐकवलंही. तो भाजी निवडत होता. "वाईट काही नाही," तो म्हणाला. "पण आत शिजतंय की नाही, ते कोण बघतं?" तिनं त्याला उडवून लावलं.

आणि मग पाळी सख्ख्या मामावर आली.

मामा याच कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेला. मंडळाचा अध्यक्ष. आवाज असा की भट्टीच्या गोंगाटातही ऐकू जावा. आईवडिलांच्या मागे हिला त्यानं आणि मामीनं पोटच्या पोरीसारखं वाढवलं, नोकरीसाठी शब्द टाकला तोही त्यानंच. आता कंपनीला अवजड गाड्यांसाठी मागचं फाटक उघडायचं होतं, म्हणजे गाड्या मामाच्या गल्लीतून जाणार होत्या. आणि मामी दम्यानं अंथरुणाला खिळलेली. तिची खाट गल्लीकडच्या खिडकीशी. कुणाची सून रुसली, कुणाचा जावई आला, सगळी खबर तिला खिडकीतून मिळायची. तेवढाच तिचा विरंगुळा होता.

साहेब तिला एवढंच म्हणाले, "घरचाच माणूस ना? बघा जरा."

ती गेली. नेहमीसारखी बसली. मामानं मनातलं सगळं ओतलं. "गाड्या सुरू झाल्या की हिचं काय होईल, तूच सांग. खिडकी उघडी ठेवली तर धूळ, आणि बंद केली तर ही जिवंतपणी पेटीत. अगं, पुढचं फाटक रुंद करा म्हणावं. जागा आहे, पैसा आहे, त्यांच्या मनात तेवढं नाही." बोलता बोलता त्यानं डोळे पुसले. तिनंही पुसले. ते रडं खोटं नव्हतं, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. तिनं त्याचा हात धरला. "मी आहे ना, मामा."

दुसऱ्या दिवशी फाटकाचा विषय निघाला. साहेबांनी विचारलं, "मंडळाचं काय म्हणणं?"

मामा उठला. त्यानं कौतुकानं भाचीकडे बोट दाखवलं. "माझं सगळं म्हणणं हिला माहीत आहे. माझ्यापेक्षा नीट मांडेल." आणि खाली बसला.

असं आजवर कधी झालं नव्हतं. बाकीचे 'बोलणं झालंय' एवढंच म्हणून मोकळे व्हायचे. मामानं तर आपलं तोंडच तिच्या हवाली केलं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. साहेबही बघत होते. तिची सवयीची जीभ चालू लागली. "रहिवाशांना काळजी वाटणं साहजिक आहे. पण कंपनी योग्य ती खबरदारी घेईल, या विश्वासानं त्यांनी सहकार्याची भूमिका घेतली आहे."

त्यात मामी कुठेच नव्हती. खिडकी नव्हती. मामा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यानंही वाजवल्या. मोठ्या लोकांत असंच बोलत असतील, असं त्याला वाटलं असावं.

फाटक उघडलं, गाड्या सुरू झाल्या. ती मामाकडे जायचं टाळू लागली. मामीची औषधं नवऱ्याच्या हाती पाठवायची आणि तो परत आला की त्याच्या तोंडाकडे बघायची. तो रिकामी पिशवी खुंटीला अडकवून भाजी निवडायला बसायचा. लाज वाटायची तिला. जेवताना वाटायची, केस विंचरताना आरशात वाटायची. ज्यांनी हाताला धरून रस्ता ओलांडायला शिकवलं त्यांच्याच दारात आपण गाड्या आणून सोडल्या, हे काही केल्या मनातून जाईना.

पुढची बैठक तोंडावर आली तेव्हा मात्र तिला राहवेना. आदल्या संध्याकाळीच गेली. खिडकी घट्ट लावलेली, फटींत ओली फडकी कोंबलेली. मामी उशांना टेकून बसली होती, तोंड अजून खिडकीकडेच. गाडी गेली की काचा थरथरत होत्या.

"वाळलीस गं किती," मामी धापा टाकत म्हणाली. "राबवतात मेले तुला."

तिला तिथे उभं राहवेना. ती स्वयंपाकघरात मामाच्या मागोमाग गेली. "मामा, मला बोलायचंय. त्या दिवशी मी..."

मामानं हात वर केला. क्रेनवर असताना थांबण्याची खूण करायचा तसाच. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"इथं नको," तो म्हणाला. "इथं बोललीस की तू रडशील, मी म्हणेन जाऊ दे गं पोरी, आणि तुला हलकं वाटेल. गाड्या चालूच राहतील. मलाही त्या संध्याकाळी असंच हलकं वाटलं होतं." त्यानं चहाचं आधण उतरवलं. "उद्या बैठक आहे ना? तिथं बोल."

ती चहा प्यायली आणि सगळं ओझं तसंच घेऊन घरी आली.

बैठकीत साहेबांनी शेवटी घड्याळाकडे बघत नेहमीचा प्रश्न विचारला, "कुणाला काही सांगायचंय?" मामा मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. तिनं हात वर केला. साहेबांना वाटलं, चहाचं विचारतेय.

"हो, हो, मागवा," ते हसून म्हणाले.

तिनं हात खाली घेतला नाही.